गरम बोनेट

आमच्या देवासच्या कॉलनीतले प्रतापराव साधा नारळ घेतानाही दुकानदाराला घाम फोडतात. सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. माल परत पाठवताना समोरच्याचं कारण ऐकायचंच नाही, हा त्यांचा नियम. "कारण ऐकलं की माणूस विरघळतो," असं वर आम्हालाच ऐकवणार.

त्यांच्या बायकोचे, वासंतीकाकूंचे, गुडघे गेले आणि धारला आजारी बहिणीकडे, पार्वतीमावशीकडे, बसने जाणं थांबलं. टॅक्सीवाल्यांवर प्रतापरावांचा विश्वास नाही. म्हणून चढायला सोपी, जरा उंच, पेट्रोलवरची जुनी क्रॉसओव्हर गाडी घ्यायचं ठरलं. पण एकीचं दार नव्याने रंगवलेलं, दुसरीचे टायर नको इतके नवे, तिसरीचा मालकच फार गोड बोलणारा! काकू रोज फोनवर बहिणीला "येते गं" म्हणायच्या. मला ते ऐकवेना.

शेवटी मावशींच्याच गल्लीतला नीलेश त्याची गाडी विकतोय असं कळलं. मी दोघांना माझ्या गाडीने धारला नेलं. प्रतापरावांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पुराचा चिखल शोधला, दाराचं रबर उचकटून गंज शोधला. काहीच सापडेना, तसा चेहरा आणखी आंबट झाला. मग बोनेटवर हात ठेवला. गरम!

"थंड इंजिन लवकर सुरू होत नसणार. ते लपवायला आधीच तापवून ठेवलीस."

"काका, सुनो तो सही, सकाळी..."

"कारण नको. रिजेक्ट."

मला त्यांचा भयंकर राग आला. काकू मात्र एवढंच म्हणाल्या, "आलेच आहे, तर तिला भेटून जाते."

पार्वतीमावशी पलंगावर पडून होत्या, हाताला सलाईनची पट्टी. "पहाटे श्वासच घेता येईना गं," त्या म्हणाल्या. "रिक्षा मिळेना. नीलेशची गाडी पहिल्या चावीत सुरू झाली, म्हणून दवाखाना गाठला. आत्ताच सोडून गेला बिचारा."

प्रतापराव उठले. थेट नीलेशच्या दारात गेले, आम्ही मागोमाग.

नीलेश गाडी पुसत होता. "गाडी घेतो मी," प्रतापराव म्हणाले. "देतो काका," तो म्हणाला, "पण चाबी काकूंच्या हातात."

काकूंनी चावी घेतली आणि मूठ मिटली. "दर रविवारी मला इथे आणायचं."

"आणीन, पण आधी एकदा मेकॅनिकला..."

"कारण नको," काकू म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.