थर्मोस्टॅटचं घर

कामोठ्याहून महाप्याला ऑफिसात जाताना एका सकाळी माझ्या जुन्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेपर्यंत चढला. घराजवळच्या गॅरेजवाल्याने आठवडाभरापूर्वीच सांगितलं होतं, "मॅडम, इंजिन खोलायला लागणार." ऐकून माझी झोप उडाली होती. वाटेतल्या एका गावाच्या तोंडाशी एक छोटं गॅरेज दिसलं, तिथेच गाडी लावली.

आतून पन्नाशीची एक बाई आली. साडीवर पुरुषी शर्ट, हात कोपरापर्यंत काळे. नवऱ्याचा हात मशीनमध्ये सापडल्यापासून गॅरेज तीच चालवते, हे मला नंतर कळलं.

मी बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच तिने माझं मनगट धरलं. "हात नको लावू, बाय! उकळतं पानी तोंडावर येल."

इंजिन गार होईपर्यंत, तासभर तिने गाडीला हात लावला नाही. मग टॉर्च घेऊन वाकली आणि इंजिनाला रेडिएटरचा वरचा पाइप जिथे जोडतात, तिथे बोट फिरवलं. बोटावर पांढरट खार आला.

"इंजिन नाय गेलं. थर्मोस्टॅटचं घर फुटलंय."

इंजिन तापलं की उघडून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, रेडिएटरकडे सोडणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट; तो ज्यात बसतो तो प्लास्टिकचा भाग काढून तिने माझ्या हातात दिला. केसाएवढी चीर होती. तिथूनच कूलंट थेंब थेंब जात होतं.

दुकानातून नवं घर आलं, सोबत नवा थर्मोस्टॅटही. ती तो लगेच बसवेल असं मला वाटलं. पण तिने स्टोव्हवर पातेलं ठेवलं आणि जुना-नवा दोन्ही थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात सोडले. पाणी उकळायला लागलं तसं जुन्याचं तोंड हळूच उघडलं. नवा मिटलेलाच.

"नवीन हाय ना?" मी विचारलं.

"नवीन हाय म्हनून चांगला हाय, असं नसतं." मग स्टोव्ह बंद करत म्हणाली, "एकदा एका गिऱ्हाइकाच्या गाडीत नवा न बघता बसवला होता. त्या लोकांची गाडी घाटात बंद पडली. त्यांची म्हातारी आई दुपारभर उन्हात बसून होती. तवापासून पातेलं ठेवते."

नव्या घरात तिने जुनाच थर्मोस्टॅट बसवला. त्याआधी इंजिनावरची बसायची जागा इतक्या हलक्या हाताने खरवडली, की मी बघतच राहिले. नवी रबरी रिंग घातली, बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. कूलंट भरून, हवा काढून इंजिन चालू केलं आणि पंखा फिरेपर्यंत तिथून हलली नाही.

"उद्या सकाली गार गाडी घेऊन ये. पान्याची पातली बघू."

दुसऱ्या दिवशी गेले. तिने कूलंटच्या बाटलीवरची खूण दाखवली, कमी झालेलं घोटभर कूलंट माझ्याच हाताने घालायला लावलं. त्यानंतर दर रविवारी, गाडी गार असताना, मीच ते बघते. काटा पुन्हा अर्ध्याच्या वर गेलेला नाही.