गोडाऊनमधलं गाणं आणि अंगणातला कूलर

"आधी तुमचा कूलर बंद करा," मी म्हटलं.

गुणवंतरावांना ते पटलं नाही. मे महिना, सौंसरचं ऊन, आणि त्यांच्याच अंगणात उभी राहून एक बाई त्यांचाच कूलर बंद करायला सांगून राहिली. शिवाय तक्रारदार ते स्वतः. रस्त्यापलीकडच्या संत्र्याच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये तीन पोरं रोज दुपारी चार ते सहा गिटार-ड्रम वाजवतात, कान फुटतात, इंग्रजीतली अश्लील गाणी म्हणतात, मोहल्ल्याचं वातावरण बिघडतं, असं त्यांनी लिहून दिलं होतं. खाली सहा सह्या. सगळ्यात वर मोहल्ला समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांची.

मी सरकारी नोकरीत आवाज मोजते. हातात टॉर्चएवढं मीटर असतं, त्याच्या तोंडाला स्पंजचा गोळा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि वस्तीत दिवसा पंचावन्नची मर्यादा आहे. बाकी नियम साधा. ज्याची तक्रार तो आवाज सुरू असताना मोजायचा, बंद असताना मोजायचा, आणि फरक पाहायचा. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी.

कूलर सुरू असताना त्रेसष्ट आले. कूलर बंद केला तर एकोणपन्नास. मग पोरांना निरोप पाठवून वाजवायला सांगितलं. एकावन्न. मी तीनदा मोजलं, तीनदा तेच. एकावन्ननं कोणाचे कान फुटतात, बाप्पा?

तेवढ्यात ऑफिसातून आमच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, मीटर-वीटर सब फॉर्मॅलिटी है. लिमिट से ऊपर लिख दो, गोडाऊन सील करना है. छोटी सी बात है."

आकडा येईल तोच लिहीन, असं सांगून मी फोन ठेवला. पण डोकं सटकलं होतं. वरातीत डीजेची गाडी येते, खिडक्यांच्या काचा थरथरतात, म्हाताऱ्या माणसांना धडकी भरते. तेव्हा हेच साहेब म्हणतात, मीटर कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून घ्यायला, गेलंय. आणि तीन पोरांवर मात्र एवढी मर्दुमकी.

मी गोडाऊनमध्ये गेली. भिंतींना संत्र्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या, त्यात पॅकिंगचं तणस कोंबलेलं, वर जुन्या गाद्या. म्हणूनच बाहेर काही येत नव्हतं. एक ड्रमवाला, एक बेस गिटारवाला, आणि गिटार घेतलेली वैष्णवी, बावीस वर्षांची. गोडाऊन तिच्या मामाचं. माझं ओळखपत्र पाहून तिचा चेहरा पडला. तिनं सांगितलं, बाबांनी बजावून ठेवलंय: ज्या दिवशी सरकारी कागद घरी येईल त्या दिवशी गिटार विकीन. ती गिटार तिनं दोन वर्षं ट्युशन घेऊन विकत घेतली होती.

"वाजव," मी म्हटलं.

आत मात्र मीटर नव्वदच्या वर गेलं. मी कानात बोळे घातले. पोरीची मान खाली. पायाजवळ चारपाच लहान डब्या होत्या, पेडल म्हणतात त्यांना. एक पायानं दाबली की गिटारचा आवाज फुगायचा, दुसरी दाबली की लांबत जायचा. तोंड माईकला, पण शब्द एक समजेल तर शपथ.

"हे तू गाणं म्हणून राहिली का लपवून राहिली?" मी विचारलं.

"लपवूनच राहिली, मॅडम," ती म्हणाली. "हे असंच असते. शूगेझ म्हणतात याले."

मग तिनं सांगितलं. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंड-आयर्लंडकडे काही बुजरी पोरं-पोरी असं वाजवायला लागली. एवढ्या पेडल सांभाळायच्या तर नजर खालीच राहणार. पेपरवाल्यांनी चिडवलं, हे लोक प्रेक्षकांकडे नाही, आपल्या बुटांकडे टक लावून पाहतात. शू म्हणजे बूट, गेझ म्हणजे टक लावणं. टिंगलीचं नावच कायम झालं. थोड्याच वर्षांत छाती काढून, शब्द ठणकावून गाणारे आले आणि यांना अडगळीत टाकलं. पण इंटरनेटवर ही गाणी जगभरच्या पोरांना सापडली. तेव्हा जन्मलीही नव्हती अशा पोरांना.

"तुले काय सापडलं यात?" मी विचारलं.

"बाकी गाणी मले सांगतात, नाच, रड, प्रेम कर," ती म्हणाली. "हे काहीच सांगत नाही. यात जाऊन बसता येते."

खोटं कशाला बोलू, पहिल्या गाण्याला माझं डोकं दुखलं. तिसऱ्याला मी एका पेटीवर बसली. माझे वडील पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंग कारखान्यात होते. मी डबा घेऊन गेली की मशीनच्या धडधडीत ते काहीतरी बोलायचे. शब्द ऐकू यायचा नाही, पण माझ्याशीच बोलून राहिले एवढं कळायचं. कितीतरी वर्षांनी ते आठवलं.

मग तक्रारीतलं 'अश्लील' आठवलं. पंचनाम्यात तसं लिहायचं तर शब्द लिहावा लागतो. मी वैष्णवीला गाणं लिहून मागितलं. तिनं वहीचं पान फाडून दिलं. ते वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाणं मराठीत होतं. तिगावच्या स्टेशनवर एक मुलगी बसली आहे, मोठ्या गाड्या न थांबता निघून जातात, ती प्रत्येक गाडीला हात हलवते. बस. चार फुटांवर बसून मला ते मराठी आहे हेसुद्धा समजलं नव्हतं. आणि या सहा जणांना रस्त्यापलीकडून, कूलरच्या घरघरीतून, इंग्रजी अश्लील ऐकू आलं!

मी परत अंगणात गेली. सहाही जण जमले होते. पेन काढून विचारलं, कोणता शब्द ऐकला तो सांगा, जसाच्या तसा लिहायचा आहे. एकानं दुसऱ्याकडे पाहिलं. एक म्हणाला, मी तर अध्यक्षांनी म्हटलं म्हणून सही केली. दुसऱ्याचंही तेच. शेवटी सगळे गुणवंतरावांकडे पाहू लागले.

"आवाजाचं सोडा न, मॅडम," ते म्हणाले. "दोन पोट्ट्यांसंगं एक पोट्टी रोज बंद गोडाऊनमधी काय करून राह्यली? तुमाले काहीच वाटत नाही?"

"मले लय वाटून राह्यलं," मी म्हटलं. "पण ते मोजाचं मीटर सरकारनं मले देल्लं नाही."

रिपोर्ट मी तिथेच बसून लिहिला. आवाज नियमात. तक्रारीत तथ्य नाही. अंगणातला सर्वात मोठा आवाज, तक्रारदाराचा कूलर. साहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण आकडे त्यांनाही खोडता आले नाहीत. फाइल बंद झाली. मला वाटलं, जिंकलो.

पंधरा दिवसांनी वैष्णवीचा फोन आला. गिटार गेली होती.

आमच्या ऑफिसचा नियम असा की रिपोर्टची एक प्रत तक्रारदाराला जाते, एक ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्या घरी. खाकी पाकीट तिच्या घरी पोचलं. बाबांनी वरचा शिक्का पाहिला आणि बोलल्याप्रमाणे केलं. नागपूरचं गिऱ्हाईक त्याच दिवशी गिटार घेऊन गेलं. पाकीट कोणी फोडलंच नव्हतं.

सुटीच्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन धडकली. काम नव्हतं माझं ते, पण राहवेना. बाबा शाळेत शिक्षक. पाकीट मागून घेतलं, त्यांच्यासमोर फोडलं आणि मोठ्यानं वाचलं.

"मले वाटलं, सरकारचा कागद म्हणजे आपल्या विरुद्धच असन," ते म्हणाले.

"गुरुजी, पोरांचे पेपर तुम्ही न वाचताच नापास करता का?"

वैष्णवी आता मागून आणलेल्या गिटारवर वाजवते. गुणवंतरावांचा कूलर सुरूच आहे.

मी मात्र तेव्हापासून एक करते. रिपोर्ट पाकिटात घातला की बाहेर, शिक्क्याच्या अगदी बाजूला, लाल पेननं मोठ्या अक्षरात निकाल लिहिते. साहेब म्हणतात, असा काही नियम नाही. नसला तर नसला.