हेटी गोल्बीचे वाळूचे गाभे

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बार्ट्रम फाउंडरीत, म्हणजे धातूच्या ओतशाळेत, हेटी गोल्बी १९१६ साली कामाला लागली. नवरा फ्रान्सच्या आघाडीवर गेला तो परत आलाच नाही. लढाई संपल्यावर कामावरच्या बहुतेक बायकांना घरी पाठवलं; हेटीला नाही पाठवलं, कारण तिच्या हाताला तोड नव्हती.

काम म्हणाल तर वाळूचं. इंजिनाच्या सिलिंडरांभोवती पाणी खेळायला पोकळी लागते. त्या पोकळीच्या आकाराचा गाभा वाळू जवसाच्या तेलात मळून करायचा, भट्टीत भाजायचा, साच्यात बसवायचा आणि भोवती वितळलेलं ॲल्युमिनियम ओतायचं. निवलं की वाळू झटकून टाकायची. हेटीच्या गाभ्याला साधा पोचा कुणी पाहिला नव्हता.

त्या वर्षांत विमानांच्या इंजिनांची नुसती चढाओढ लागली होती. वजन वाढता कामा नये, ताकद मात्र दरसाल वाढलीच पाहिजे. १९३० साली एका कारखान्याचं बारा सिलिंडरांचं नवं इंजिन फाउंडरीकडे आलं. सहा-सहा सिलिंडरांचा एकेक सलग ठोकळा ओतायचा होता. नकाशात पाण्याच्या पोकळीभोवतीची पातळ भिंत बघून मुकादम मॅसर म्हणाले, "ही भिंत आहे की अंड्याचं टरफल?"

ठोकळे ओतले गेले खरे, पण शंभर तासांच्या चाचणीत निम्मा वेळही गेला नाही तोच पाणी गळायला लागलं. ओळीनं चार ठोकळे वाया गेले. शेवटी कारखान्याचा इंजिनियर सेड्रिक ॲन्सेल चौथा ठोकळा घेऊन स्वतःच आला. चेहरा पार उतरलेला.

"भिंत जाड करतो," तो म्हणाला. "पण मग वजन वाढलं. असलं इंजिन कोण घेणार?"

मॅसरनी खापर गाभेवालींवर फोडलं. "दिवसभर तोंडाचा पट्टा चालू! वाळू ठोकायला वेळ कुठाय यांना?"

हेटीनं हाताची वाळू झटकली. "मॅसरसाहेब, चौदा वर्षं तोंड चालवतच चांगले गाभे दिलेत. आधी तो ठोकळा कापा, मग बोला."

कापला. गळतीच्या जागी भिंतीच्या आत मोहरीएवढी गुळगुळीत भोकं दिसली.

"हे बुडबुडे आहेत," हेटी म्हणाली. "तापलेल्या धातूनं गाभ्यातलं तेल जळलं की वाफ सुटते. सरळ गाभ्यात आम्ही तार खुपसून वाफेला बाहेर पडायला वाट करतो. हा गाभा नागमोडी. तार वळणार कशी? वाफ कोंडते नि धातूत घुसते."

"मग करायचं काय?" ॲन्सेलनं विचारलं.

"दोन दिवस द्या. नि या मॅसरसाहेबांना माझ्या टेबलापासून लांब ठेवा."

आधी तिनं शिशाची मऊ तार घालून पाहिली. ती ओढताना पाच गाभे तुटले. मग तिनं बुटाच्या नाड्या वितळलेल्या मेणात भिजवल्या आणि वाळू भरतानाच वळणावळणानं आत घातल्या. भट्टीत मेण वितळून वाळूत जिरलं. गाभा गरम असतानाच तिनं श्वास रोखून नाडी ओढली. ती सरसर बाहेर आली आणि आत पार टोकापर्यंत वाट राहिली.

त्या गाभ्यांवर ओतलेले ठोकळे चाचणीला चढले. शंभरावा तास भरत आला तेव्हा ॲन्सेलनं हेटीला मुद्दाम बोलावून घेतलं. चाचणीच्या खोलीची विटांची भिंतसुद्धा थरथरत होती. तिनं भिंतीला तळहात टेकवला आणि इंजिन बंद होईपर्यंत तो काढला नाही. पाण्याचा एक थेंब गळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅसर गाभेखान्यात आले. सगळ्या बायकांदेखत टोपी काढून म्हणाले, "हेटी, मी चुकलो. तोंडाला येईल ते बोललो."

"चुकलात तर खरंच. आता नाड्या मागवा. आमच्या घरात एक बूट धड राहिला नाही."

ॲन्सेलनं नकाशावर गाभ्यातल्या त्या वाटेपाशी 'गोल्बी वाट' असं लिहून टाकलं. चार वर्षांनी हेटी गाभेखान्याची प्रमुख झाली. तिच्या हाताखाली अकरा जणी तयार झाल्या, आणि पुढच्या इंजिनाची भिंत आणखी पातळ आली तेव्हा कुणी घाबरलं नाही.

एका रविवारी ॲन्सेलनं तिला त्या इंजिनाच्या विमानातून फिरवून आणलं. उतरल्यावर मैत्रिणींनी गराडा घातला. "वरून आपलं गाव कसं दिसतं गं?"

"कुणाला ठाऊक," हेटी म्हणाली. "मी डोळे मिटून इंजिन ऐकत होते."