खर्डीपलीकडचे पाच धोंडे

शनिवारी सकाळी मी कल्याणहून खर्डीला निघाले तेव्हा माझ्या पर्समध्ये चार वस्तू होत्या: गोळ्यांची डबी, ग्लुकोजचा पुडा, नवरीसाठी घेतलेला चांदीचा करंडा आणि माझा राजीनामा. दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं मी आजारीच होते, त्यातल्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट.

माझ्या आजाराचं नाव ऑटोइम्यून हिमोलिटिक ॲनिमिया. ते पूर्ण उच्चारेपर्यंतच मला धाप लागते, म्हणून सोपं करून सांगते. रक्तातली राखणदार मंडळी माझ्याच तांबड्या पेशींना चोर समजून बडवतात. डॉक्टर म्हणाले, हा फार क्वचित कुणाला होतो. आयुष्यात कधी लॉटरी लागली नाही, हा मात्र बरोबर लागला. त्यातून गोळ्यांनी चेहरा असा टम्म फुगलेला की भेटेल तो म्हणायचा, "तब्येत सुधारली हं बाई." एक जिना चढून आले की मी भिंत धरून उभी, आणि वर हे कौतुक.

मंजुळामावशी आमच्या शाळेत शिपाई. खर्डीपलीकडच्या पाड्यावरून रोज कल्याणला यायच्या आणि माझ्या वह्यांचे गठ्ठे न सांगता दोन मजले वर नेऊन ठेवायच्या. त्यांच्या लेकीच्या लग्नाला येईन, असा मी शब्द दिला होता. 'हे' म्हणाले, "मी येतो सोबत." मी म्हटलं, "नको. एकटी जाऊन आले तर नोकरी चालू ठेवीन. नाही जमलं, तर सोमवारी राजीनाम्याचं पाकीट मोठ्या बाईंच्या टेबलावर." गणित शिकवणं मला मनापासून आवडतं, तरी हा हिशेब मी मांडला.

खर्डीला उतरले. स्टेशनाबाहेर चहा घेतला, जीप मिळाली. ड्रायव्हर म्हणाला, "थेट मांडवात सोडतो." थेट मांडव आला तो एका खणलेल्या मोरीपाशी. पुढे रस्ताच नव्हता. त्याने हात लांबवून एक डोंगराची सोंड दाखवली आणि गाडी वळवली. "ती काय, हितंच हाय." आपल्याकडे 'इथंच' म्हणजे किती, हे विचारणाऱ्याच्या पायांवर अवलंबून असतं.

मोरीपलीकडे तीन बाया मोळ्या घेऊन चालल्या होत्या. लग्नघरी चुलाणाला घराघरातून एकेक मोळी द्यायची, ही तिथली रीत. पुढे होत्या सत्तरीच्या ठकीआजी, मागे त्यांची सून मथी आणि मथीची जाऊ. मीही त्याच लग्नाला चाललेय म्हटल्यावर आजी म्हणाल्या, "चल गो बाय, वाट दावतो तुला."

वाट छान होती. कापणी झालेली खाचरं (भाताची बांध घातलेली शेतं), कडेला पळसाला फुलं लागलेली, ऊन अजून कोवळं. दहा मिनिटांतच छातीइतका उंच एक सपाट धोंडा आला. तिघींनी डोक्यावरच्या मोळ्या त्यावर सरकवल्या, चुंबळी (ओझ्याखालची कापडी वेटोळी) काढल्या आणि निवांत बसल्या.

"दमलात?" मी विचारलं.

"नाय," मथी म्हणाली.

"मग?"

"धोंडा आला ना."

मला हसू आलं. मोळीवाल्या बसल्यात आणि आजारी बाई ताजीतवानी! इतक्या दिवसांनी अंगात आलेला तो हुरूप मला सोडवेना. "मी होते पुढे," म्हणून मी निघाले. वाटेत दुसरा धोंडा लागला, त्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

चढ सुरू झाला आणि सगळी ऐट उतरली असं नाही, एकदम कोसळली. कानात ठोके, पोटऱ्या शिशाच्या, डोळ्यांपुढे पिवळं. एका बांधावर मी बसले म्हणण्यापेक्षा पडले. ग्लुकोज तोंडात टाकलं. पाकीट आठवलं, आणि रडू आलं. हरले, एवढंच वाटत होतं.

दोन ठिकाणी टेकून आलेल्या त्या तिघी, डोक्यावर मोळ्या तशाच, श्वासही न चढलेल्या, माझ्यापाशी पोचल्या. मथी माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "बाय तर चांगल्या गुबगुबीत दिसतात."

मला राग यायला हवा होता, पण रडता रडता हसूच फुटलं. मग मी सगळं सांगितलं. राखणदार, चोर, गोळ्या, फुगलेला चेहरा. आजींनी ऐकून घेतलं.

"म्हंजे तुझ्या डोईवर बी मोळी हाय," त्या म्हणाल्या. "दिसत नाय येवढंच."

दोन वर्षांत मला बीट, खजूर, कोंबडीचं काळीज आणि 'मन खंबीर ठेवा' हे सगळं मिळालं होतं. हे कुणी म्हटलं नव्हतं. मला त्या म्हातारीच्या पायाच पडावंसं वाटलं.

"पर बसलीस चुकीची," आजी पुढे म्हणाल्या. "दमून भुईवर वझा टाकला, तर परत डोईवर कोन चढवनार? म्हनून धोंडा आला का टेकायचा. दमलीस का नाय, ते धोंडा इचारत नाय."

मग त्या तिघी, ओझी झाडाला टेकवून, मी उठेपर्यंत थांबल्या. पुढचे तीन धोंडे मी त्यांच्यासोबत बसले. चौथ्यावर तर मला अजिबात बसायचं नव्हतं. आजींनी पदर धरून बसवलं. शेवटचा पाचवा पाड्याच्या वेशीवर होता, तिथून मांडवाचे ढोल ऐकू येत होते. अर्ध्या तासाच्या वाटेला दोन तास लागले, पण मांडवात मी माझ्या पायांनी शिरले. मंजुळामावशींनी मला बघून हातातली परात खाली ठेवली आणि डोळे पुसले.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि सुकटीची (वाळवलेल्या जवळ्याची) चटणी. चटणीने नाकातोंडातून पाणी काढलं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतली. संध्याकाळी हळद कुटायला सुवासिनींना बोलावलं. मुसळाला आंब्याची पानं बांधलेली. मी पाच घाव घातले. हात म्हणत होते, आणखी पाच जमतील. मी मुसळ मथीकडे दिलं. मांडवाच्या पलीकडून ठकीआजी बघत होत्या. मिशरी लावलेले दात दाखवून हसल्या.

रविवारी लग्न लागल्यावर निघताना मावशी सुकट बांधून द्यायला कागद शोधू लागल्या. सगळ्या घरात पत्रावळींशिवाय काही सापडेना. माझ्याकडे एक चांगला जाड कागद होता. मी तो काढून दिला.

परतीचे पाच धोंडे मी एकटीने उलटे मोजत आले. कल्याणला 'हे' न्यायला आले होते. पिशवी हातात घेतल्याबरोबर त्यांनी नाक मुरडलं.

"कसला वास येतोय गं हा?"

"राजीनाम्याचा," मी म्हटलं.

आजार काही खर्डीला राहिला नाही, माझ्याबरोबरच घरी आला. आठवडाभर अंग असं दुखत होतं की केस विंचरायला हात उचलेना. पण शाळेचं वेळापत्रक मीच करायचे. मोठ्या बाईंना विचारून त्यात मी दोन धोंडे बसवले, एक दुसऱ्या आणि एक पाचव्या तासानंतर. मंजुळामावशींनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात चटई टाकून दिली.

पुढे एकदा नव्याने लागलेल्या एक बाई आत डोकावल्या. मी चटईवर आडवी.

"दमलात का हो बाई?" त्यांनी काळजीने विचारलं.

"छे," मी म्हटलं, "अजून कुठे?"