वाटणीतला आवाज

काकांचं नाव निघालं की अजूनही माझं डोकं फिरतं. बाबांचं निघालं की जरा जास्तच.

अमरावतीच्या आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा शेत वाटलं, बैल वाटले, अंगणात भिंत घातली. रेडिओ कसा वाटणार? पंचांनी डोकं लढवलं. रेडिओ काकांकडे राहील, पण त्याच्या पाठीमागून एक तार निघेल, भिंतीवरून आमच्याकडे येईल आणि तिला दुसरा स्पीकर जोडला जाईल. बाजारातल्या मेकॅनिकने तो लाकडी डबा आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर ठोकून दिला. लावणं, बंद करणं, स्टेशन फिरवणं सगळं काकांच्या हातात. आमच्याकडे नुसते कान. मेकॅनिक बजावून गेला होता की स्पीकर दोन झाले तर बटण थोडं जास्त पिळायचं, बस. काकांच्या डोक्यात मात्र भलतंच बसलं. त्यांच्या मते आवाजही शेतासारखा वाटला जात होता आणि अर्धा आमच्याकडे पळत होता.

बाबा तरी काय! भांडले दोघे भाऊ आणि शपथ घातली आईला, की भिंतीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. स्वतः मात्र थोड्याच दिवसांत तिकडे चहाला जाऊ लागले. आईची शपथ सोडवायची राहूनच गेली.

माझी मोठी बहीण तेव्हा अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवायची. तिचा गळा चांगला होता. नागपूरच्या रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात गायला तिला बोलावणं आलं. तिथून गाणं थेट जायचं. एकदा हवेत गेलं की गेलं. आईने त्या दिवशी ऊन असतानाच स्वयंपाक उरकला आणि चूल विझवली, जाळाचा आवाज नको म्हणून. धुतलेलं लुगडं नेसली, डब्याखाली पाट टाकून बसली. पोटची पोर रेडिओत गाणार, ते तिला एकदा आपल्या कानांनी ऐकायचं होतं. बाकी तिने आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नाही.

निवेदिकेने बहिणीचं नाव घेतलं आणि डबा मुका झाला.

वाटलं वीज गेली, पण दिवा जळत होता. मी रस्त्याने वळसा घालून काकांच्या दारी धावले. ओट्यावर अख्खी गल्ली लोटलेली. वाट काढत आत पोचेपर्यंत गाणं संपलं होतं आणि लोक वा वा करत होते. रेडिओच्या मागे आमची तार उपटून लोंबत होती. मी काकांना जाब विचारला, तर ते म्हणाले, "आपल्या पोरीचा आवाज हाये. लोकायनं अर्धा कावून आयकाचा?"

प्रेमाने म्हणाले, हेच मला आजतागायत सहन होत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अहो, बटण जरा पिळलं असतं तर दोन्ही घरांना पुरून उरलं असतं! आणि त्यांच्या शेजारी, खुर्चीवर, बाबा बसले होते. तार त्यांच्यादेखत उपटली होती.

मी घरी परतेपर्यंत काकांनी तार पुन्हा जोडली होती. डब्यातून कापसाचे भाव चालले होते. आई अजून पाटावरच.

"भाव झाले का होईन तिचं गानं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बहीण बडनेऱ्याला उतरून तडक घरी आली. हातातली पिशवीही खाली ठेवली नाही, आधी विचारलं, ऐकलं का. मी तोंड उघडणार तोच आईने माझ्यावर डोळे वटारले आणि सांगितलं, ऐकलं, लय गोड झालं. खाटेवर बाबा पान लावत होते, त्यांनीही मान डोलावली.

बहीण आईकडे बघत राहिली. आणखी काहीतरी ऐकायला थांबल्यासारखी. मग तिला हसू आलं.

"मंग बोलत कावून नाई, माय? भजन ठरलं होतं, पण म्या तुही ओवी म्हटली. जात्यावरची."

आई पदराशी चाळा करत होती, तो हात थांबला.

"कोनती?" तिने विचारलं.

बहिणीचं हसू गेलं. ती ओवी बाबांनी इतकी वर्षं रोज पहाटे अंथरुणातून ऐकली होती. आदल्या संध्याकाळी रेडिओवरही ऐकली होती आणि घरी येऊन आईला सांगितली नव्हती. ते सुपारी कातरत राहिले.