मॅडमच्या नावाने चालणारी कामे

१. आमच्याकडे नेत्रतज्ज्ञ महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतात. त्या सकाळी रुग्णांच्या फोनवर 'आज डॉक्टर येणार आहेत' असा निरोप आपोआप जातो.
२. तो निरोप मंगळवारीही गेला.
३. टिटवाळ्याहून, माजिवड्याहून रुग्ण आले. डॉक्टर नव्हते.
४. विचारणा माझ्याकडे झाली. मी त्याच आठवड्यात रुजू झाले होते.
५. प्रज्ञा गायकवाड मॅडम पुढे येऊन म्हणाल्या, "निरोप पाठवायची ती ओळ संगणकात मी लिहिली आहे."

कोपरीतल्या आमच्या दवाखान्यात माझी मॅडमशी ओळख झाली ती अशी. दवाखान्याचा सर्व्हर सांभाळणाऱ्या मॅडम आता साठ वर्षांच्या होत आहेत आणि महिनाअखेरीस निवृत्त होतील. ठरल्या वेळी आपोआप होणारी सगळी कामे त्यांच्या खात्यातून चालतात. ते खाते बंद झाले की निरोप थांबतील, आणि थांबल्याचे कुणाला कळणारही नाही. कौतुक लिहायला बसले तरी मनात ही काळजी आहेच.

अशी कामे करणाऱ्या प्रोग्रामला क्रॉन म्हणतात. त्याला तारीख आणि वार दोन्ही दिले, तर तो दोन्ही जुळायची वाट पाहत नाही. एक जुळले तरी काम करून टाकतो. मॅडमनी महिन्याच्या पहिल्या सात तारखा दिल्या होत्या आणि सोमवारही. मंगळवारी वार जुळला नाही, पण तारीख जुळली, म्हणून निरोप गेला.

त्या दिवशी मॅडम रुग्णांमध्ये जाऊन बसल्या. टिटवाळ्याच्या एक आजी चिडल्या होत्या.

"तुमच्या मशीनला वार कळत नाय का गं?"

"कळतो, आजी. मीच त्याला नीट सांगितलं नाही."

"मग चहा तरी सांग."

चहा आला. मॅडमनी फोन करून विनंती केल्यावर दुपारी डॉक्टरही आले. त्यानंतर मॅडमनी ओळीत फक्त तारखा ठेवल्या आणि वार तपासायचे काम निरोप पाठवणाऱ्या आज्ञेवर सोपवले, म्हणजे सोमवार असेल तरच निरोप जावा.

निरोपाची नवी वेळ ठरवण्याआधी मॅडम डोळे मिटून बसतात. खिडकीतून खाडीकडचा वारा येत असतो, पंखा संथ फिरत असतो. सुरुवातीला मला वाटे, त्यांना डुलकी लागली. एकदा विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "फोन वाजेल तेव्हा ती बाई काय करत असेल, ते बघतेय." मग त्यांना कुठल्या तरी गॅलरीत वाळणारे कपडे दिसत, नळाखाली भरत आलेली बादली दिसत असे. बादली भरून होईपर्यंत त्या निरोप पुढे ढकलत. आता मीही डोळे मिटते. अनोळखी घरे एकेक करून उजळत जातात, आणि त्यांत कुणीतरी पदराला हात पुसत फोनकडे वळते.

मॅडम, यापुढची सकाळ तुमच्या सवडीने उजाडो. प्रकृती उत्तम राहो, आणि पुष्कळ वर्षे तुमचा सहवास आम्हाला मिळो.

ही कामे दवाखान्याच्या सामायिक खात्यात मी हलवीन. पण प्रत्येक कामाकडे लक्ष ठेवणारे एक माणूस हवे, असे मॅडमचे म्हणणे आहे. ज्या सहकाऱ्यांना एखादे काम घेता येईल, त्यांनी वीस तारखेपर्यंत मला कळवावे.