नवा सर्व्हर परवा

माझी ताई बोलताना क्रियापदं खाते. लहानपणी नव्हती खात. तेव्हा तर तिच्या तोंडाची टकळी बंद म्हणून व्हायची नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागली आणि ही सवय जडली. बाहेरगावचा कॉल जोडून द्यायचा, दोन्हीकडची माणसं घाईत, लाइन कधी तुटेल त्याचा नेम नाही. मग काय, “लाइन चालू”, “पलीकडे बिझी”, “थोड्या वेळाने परत”. पुढे एक्स्चेंज बंद पडलं, तिथली टेबलं-खुर्च्या विकल्या गेल्या, सवय मात्र ताईबरोबर घरी आली. आता घरातही “दूध वर”, “किल्ली शेजारी”. दूध उतू जातंय की फळीवर ठेवलंय, हे ज्याचं त्याने ओळखायचं. मी तिची सख्खी धाकटी बहीण, तरी माझीसुद्धा कधीकधी दांडी गुल होते.

एक्स्चेंज सुटल्यावर तिच्याबरोबरच्या कुणी दुकान टाकलं, कुणी नातवंडांत रमल्या. ताईने वाचनालयातल्या कॉम्प्युटरसमोर बैठक मारली आणि प्रोग्रॅम लिहायला शिकली. या वयात हे काय नवीन खूळ, असं लोक विचारायचे. ती म्हणायची, जन्मभर इकडची तार तिकडे जोडली, हेही तेच आहे, फक्त तारा दिसत नाहीत. शिकली ती अशी शिकली की अँब्युलन्स चालवणाऱ्या ट्रस्टने तिला कॉम्प्युटर सांभाळायला बोलावून घेतलं. मी तिथे आधीपासून फोनवर होतेच. आणि भावोजी, म्हणजे ताईचे मिस्टर, कुठल्या पेशंटकडे कुठली गाडी पाठवायची ते ठरवायचे. घरचंच ऑफिस आहे तुमचं, असं लोक टोमणा मारतात. असेना का. अडीअडचणीला गाडी लागली की फोन करतात ना आम्हालाच?

भावोजी म्हणजे भारी बोलका माणूस. ड्रायव्हरशी बोलता बोलता त्याच्या सासूची तब्येतसुद्धा विचारून घेणार. मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला तो कायमचा. बरे होऊन कामावर आले तर मॅनेजर अगदी गोड बोलून म्हणाले, तुम्ही आता स्टोअरमध्ये बसा, बँडेज-बिंडेज मोजा, धावपळ नको. भावोजींनी मान डोलावली. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले ते जेवायलाही उठले नाहीत. मला तेव्हा मॅनेजरांचा इतका राग आला होता की काय सांगू.

ताई चिडली नाही. तिने चॅट सर्व्हर बसवला. म्हणजे निरोपांचं एक्स्चेंजच म्हणा ना, पण आपलं स्वतःचं, आपल्याच मशीनवर चालणारं. तयार मिळतात तसले तिला नको होते, कारण तिला त्यात फेरफार करायचे होते. म्हणून तिने मूळ सोर्स कोड घेतला, हवा तिथे बदलला आणि मशीनवर स्वतः बांधला. तयार झगा न आणता कापड आणून बेतून शिवावा तसा. भावोजींनी टाइप केलेला निरोप ड्रायव्हरचा फोन आपोआप मोठ्याने वाचून दाखवायचा. ड्रायव्हरने नुसतं एक बटण दाबायचं, की इकडे “निघालो” किंवा “पोचलो”. गाडी उभी असली की तोही हवं ते टाइप करून कळवायचा. भावोजी पुन्हा आपल्या खुर्चीत बसले. फक्त फोनमधला वाचणारा आवाज बाईचा होता, त्यामुळे ड्रायव्हर लोक त्यांना वहिनी म्हणायला लागले. आज वहिनी तापल्यात, जरा जपून, असं त्यांचं चालायचं आणि भावोजी खांदे हलवून हसायचे.

बरीच वर्षं असं सुखात चाललं. मग ड्रायव्हरांनी नवे फोन घेतले आणि नव्या फोनांनी जुन्या सर्व्हरशी बोलायचं नाकारलं. आज या गाडीचा निरोप अडकला, उद्या त्या गाडीचा. मॅनेजरांना तेवढंच निमित्त. एका कंपनीची माणसं येऊन गेली. त्यांची पद्धत अशी, की सगळं माइकवर बोलून करायचं. माइकवर बोलायचं म्हटल्यावर भावोजींनी काय करायचं, हे कुणी बोललं नाही, पण स्टोअरची खोली झाडून घेतलेली मी या डोळ्यांनी पाहिली. बुधवारी संध्याकाळी ट्रस्टची मीटिंग होती आणि कंपनीला होकार द्यायचा की नाही ते तिथे ठरणार होतं. तोवर ताईचा सर्व्हर नव्या फोनांशी बोलायला लागला तर ठीक, नाहीतर भावोजींची खुर्ची गेली.

ताईची सगळी तयारी होती. नवं मशीन आलं होतं. बुधवारी सकाळी त्याच्यावर सर्व्हरची नवी आवृत्ती बांधायची, जुने निरोप तिकडे न्यायचे, आणि काही बिनसलंच तर जुनं मशीन आहेच शेजारी चालू. सोमवारी तिने ऑफिसातल्या सगळ्यांना निरोप टाकला: “नवा सर्व्हर परवा. जुनं मशीन मोकळं.”

वाचलंत? क्रियापद नाही.

आमचा वायरमन रजेवर होता. तो बुधवारी भल्या सकाळी, आमच्या आधी, कामावर आला आणि त्याने हा निरोप वाचला. तारीख कोण बघतो? त्याला वाटलं, नवा सर्व्हर परवा झाला, जुनं मशीन मोकळं पडलंय. त्याला कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी डिस्क हवीच होती. त्याने मशीन खोललं, डिस्क काढली, कोरी केली आणि लावून दिली कॅमेऱ्याला. आम्ही तिघं पोचलो तेव्हा भावोजींच्या स्क्रीनवर काहीच नव्हतं आणि डिस्कवर गेटमधून येणारे आम्ही होतो.

ताईने वायरमनला असं काही फैलावर घेतलं, की बिचारा भिंतीला चिकटला. मशीन चालू होतं, दिवे लुकलुकत होते, ते दिसले नाहीत का? तो म्हणाला, दिसले, मला वाटलं तुम्ही बंद करायला विसरलात. आणि फोन काढून त्याने तिचाच निरोप तिच्यासमोर धरला. ताईने तो वाचला. परत वाचला. मग खुर्चीत बसली.

“‘करणार आहे’ लिहायला काय धाड भरली होती मला,” ती म्हणाली. इतकं लांबलचक वाक्य तिच्या तोंडून मी किती दिवसांनी ऐकलं.

मॅनेजर आले. आधी डोक्याला हात लावला, मग म्हणाले, जाऊ द्या, कोराच सर्व्हर सुरू करा, जुने निरोप हवेत कशाला? भावोजींनी जोरजोरात मान हलवली. त्या निरोपांतच तर सगळी अक्कल होती. अमक्या इमारतीला मागच्या गेटने जा, तमक्या गल्लीत मोठी गाडी अडकते, त्या आजोबांच्या घराची बेल वाजत नाही, खिडकीवर टकटक करा. ड्रायव्हरांनी वर्षानुवर्षं कळवलेलं आणि भावोजींनी गरजेला शोधून काढलेलं. ते गेलं तर खुर्ची राहूनही उपयोग नव्हता. नशीब एवढंच, की ताईने आदल्या संध्याकाळी सगळ्या निरोपांची नक्कल नव्या मशीनवर काढून ठेवली होती. सोर्स कोडही होता. नव्हती ती परतीची वाट.

बरं, जुने निरोप सरळ नव्या आवृत्तीत घालता येत नव्हते. मधली एक आवृत्ती आधी बांधायची, तिच्यात निरोप घालून त्यांची मांडणी बदलून घ्यायची, मग ते नव्यात न्यायचे. मधली पायरी गाळून उडी मारलीस तर तंगडी मोडेल, असं ताईने मला समजावलं. मी म्हटलं, मला नको समजावू, तू कर.

त्या दिवशी गाड्या कशा चालवल्या ते आमचं आम्हाला ठाऊक. फोन मी घ्यायची, भावोजी कागदावर गाडी आणि रस्ता लिहायचे, मी ते दुसऱ्या फोनवर ड्रायव्हरला ओरडून सांगायची. भावोजींचं अक्षर म्हणजे डॉक्टरांनी लाजावं असं. एका गाडीला मी “शाळेसमोर” म्हणून सांगितलं, ते “गाळ्यासमोर” होतं. पेशंट सुखरूप मिळाला, पण भावोजी माझ्याकडे असे बघत राहिले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचा राग माझ्यावर नव्हता. सगळं डोळ्यांसमोर दिसतंय आणि सांगता येत नाही, याचा होता.

मागच्या खोलीत ताईने मधली आवृत्ती बांधायला घेतली. स्क्रीनवरून अक्षरांचा पूर वाहायला लागला आणि मध्येच थांबला. लाल अक्षरांत चुकांची ही लांब रांग. मी ताईचा दंड धरला. ताई म्हणाली, घाबरू नकोस, पहिली तेवढी खरी, बाकीची तिची पिल्लावळ. नव्या मशीनवर कुठल्याशा भागाचं नाव बदललं होतं आणि जुना कोड त्याला जुन्याच नावाने हाका मारत होता. तिने नाव बदललं, पुन्हा बांधायला लावलं, आणि सर्व्हर बिनतक्रार उभा राहिला. तिने निरोप आत घातले आणि उघडून पाहिले.

सगळी प्रश्नचिन्हं. एक मराठी अक्षर धड नाही. इंग्रजी आकडे शाबूत, आणि मधे नुसती प्रश्नचिन्हांची माळ. अमक्या इमारतीला काय, तमक्या गल्लीत काय, काही म्हणजे काही कळेना. मी रडायलाच लागले. भावोजी दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी ते पाहिलं आणि मुकाट्याने परत जाऊन बसले. मला वाटलं, आता हे उठून स्टोअरमध्ये जातात की काय.

ताईने मात्र बोटं मोडली, गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि म्हणाली, “अक्षरं गेलेली नाहीत. मशीनला वाचता येत नाहीत.” मधल्या आवृत्तीला जुनी अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली आहेत हे सांगायचंच राहिलं होतं, त्यामुळे न ओळखता येणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी त्या आवृत्तीने प्रश्नचिन्ह टाकलं होतं. नक्कल जशीच्या तशी होती. ताईने सगळं पुसलं, सेटिंगमध्ये एक ओळ घातली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी निरोप उघडले तेव्हा पहिल्याच ओळीत आजोबांची खिडकी, टकटकीसकट. मी ताईला मिठी मारली. सरक, हात मोकळे, असं म्हणून तिने मला झटकून टाकलं.

तिथून पुढे गाडी सुसाट सुटली. नवी आवृत्ती पहिल्याच फटक्यात बांधून झाली. ताईने आपले फेरफार तिच्यात आधीच बसवून ठेवले होते. निरोप नव्या घरात गेले. तोवर बाहेर ट्रस्टची मंडळी जमायला लागली होती, आणि मॅनेजर त्यांना थेट आमच्याच खोलीत घेऊन आले. परिस्थिती डोळ्यांनी दाखवावी, असा त्यांचा विचार असणार. अध्यक्षबाई भावोजींच्या खुर्चीमागेच येऊन उभ्या राहिल्या.

ताईने आतून ओरडून सांगितलं, “सर्व्हर चालू झाला आहे.” क्रियापदासकट.

भावोजींच्या स्क्रीनवर एकेका गाडीपुढे हिरवा ठिपका पेटत गेला. नवे फोन, जुने फोन, सगळे. आणि दिवसभर तोंड दाबून बसलेले ड्रायव्हर एकदम सुटले. वहिनी आल्या का, वहिनी, जेवलात का, ए माझा आवाज येतोय का, नाही येत, मग उत्तर कसं देतोस. निरोपांवर निरोप आदळत होते. मॅनेजर अध्यक्षबाईंना हळूच म्हणाले, बघा, हा असा गोंधळ.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडे एक मुलगी होती. वडील जिन्यावरून पडलेत, शुद्ध नाही, आणि पत्ता सांगताना तिचा श्वास पुरत नव्हता. मी पत्ता मोठ्याने म्हणत गेले. भावोजींनी एका हाताने जुने निरोप शोधले आणि दुसऱ्या हाताने टाइप केलं: “गप्प बसा सगळे.”

गावातल्या प्रत्येक गाडीत ते मोठ्याने वाचलं गेलं असणार. स्क्रीन जागच्या जागी थांबला. एक अक्षर पुढे येईना.

मग त्यांनी सर्वांत जवळच्या गाडीला सांगितलं: पाण्याच्या टाकीमागची इमारत, पुढचं गेट अरुंद आहे, मागून जा, स्ट्रेचर आधी काढ. लगेच “निघालो” आलं. भावोजींनी मला खूण केली आणि मी मुलीला म्हटलं, वडिलांना हलवू नकोस, गाडी मागच्या गेटने येतेय, दार उघडून ठेव. “पोचलो” आलं तेव्हा मुलगी अजून फोनवरच होती आणि मला तिच्याकडून सायरन ऐकू आला. पाठोपाठ ड्रायव्हरचा निरोप, डोळे उघडलेत, घेऊन निघतो.

अध्यक्षबाईंनी मॅनेजरांकडे वळून विचारलं, “यांना बोलता येत नाही असं तुम्ही म्हणाला होतात ना?”

बाई म्हणाल्या, कंपनीला नाही म्हणून कळवा, आणि त्यासाठी वेगळी मीटिंग नको. ताई मागच्या दारात उभी होती, केस विस्कटलेले, कपाळाला शाईचा डाग. भावोजींनी खुर्ची तिच्याकडे फिरवली. दोघं एकमेकांकडे बघून इतके हसले, की मलाच कुठे बघावं कळेना. त्यांच्या हसण्याचा आवाज येत नव्हता, तिचा मात्र रस्त्यापर्यंत गेला असेल. मग पुढचा फोन वाजला आणि मी तो उचलला.